चाकं नसलेल्या सायकलवर

“सीट उंच वाटतेय का, काका?” मापवालीनं विचारलं. “उंच वाटतेय,” मी म्हणालो. तिनं बाजूची मूठ फिरवली आणि सीट माझ्याखाली बोटभर उतरली. “आता बरं?” “आता बरं.” “हात फार लांब जातायत?” “फार लांब जातायत.” तिनं दुसरी मूठ फिरवली. असं बराच वेळ चाललं होतं. आमचं छान जमलंय असं तिलाही वाटत होतं आणि मलाही. तेवढ्यात कोपऱ्यातल्या स्टुलावर बसलेली माझी बायको खोकली. तो सर्दीचा खोकला नव्हता. तिचे खोकले मला वेगवेगळे ओळखू येतात. हा खोकला पाहुण्यांसमोर मी दुसऱ्यांदा तीच गोष्ट सांगायला लागलो की येतो. “अहो बाई,” ती मापवालीला म्हणाली, “एक करा. त्यांना विचारा, डोकं दुखतंय का.” मापवाली हसली, पण तिनं विचारलं, “काका, डोकं दुखतंय?” “डोकं दुखतंय,” मी म्हणालो. आणि मग, उशिरानं, मी काय म्हणालो ते माझ्याच कानावर आलं. माझं डोकं दुखत नव्हतं. माझे पाय पेडल मारायचे थांबले.

मी बसलो होतो ती खरं तर सायकल नव्हती. चाकं नसलेला एक लोखंडी सांगाडा होता. पेडल खरे, सीट खरी, पुढं कोपरं टेकवायच्या दोन छोट्या गाद्या आणि त्यांच्यापुढं हातात धरायच्या दोन दांड्या, ट्रायथलॉनच्या सायकलीला असतात तशा. पण सगळं मुठींवर चालणारं. मूठ फिरवली की मागं-पुढं, वर-खाली. माझ्या खांद्यावर, कमरेवर, गुडघ्यावर आणि घोट्यावर चमकणारे ठिपके चिकटवले होते, आणि बाजूच्या पडद्यावर ते ठिपके जोडणारी काडीची एक आकृती पेडल मारत होती. ती आकृती म्हणजे मी. मला ती आवडली होती. तिला पोट नव्हतं. मापवालीचं म्हणणं असं की लोक आधी सायकल घेतात आणि मग वर्षभर आपलं अंग तिच्या मापाचं करत बसतात. त्यापेक्षा आधी अंग मापावं. या सांगाड्यावर आपली जागा सापडली की दोन आकडे निघतात. पेडलच्या आसापासून हँडल किती वर आणि किती पुढं, एवढंच. ते दोन आकडे घेऊन जुन्या सायकली बघायला जायचं. जुनी घेणाऱ्यानं तर हे करायलाच हवं, कारण नवी असली तर दुकानदार बदलून देतो, जुनी जशी आहे तशी असते. “लग्नासारखी,” असं बायको तेव्हा म्हणाली होती, आणि दोघी माझ्याकडे बघून हसल्या होत्या.

मला तसं बघायला गेलं तर या मापाचीही गरज वाटत नव्हती. माझ्या मनात सायकल ठरली होती. एका व्यायामशाळेच्या प्रशिक्षकाची. तो परदेशी निघाला होता आणि त्यानं सायकल विकायला काढली होती. काळसर निळी, पाण्याखालून वर येणाऱ्या माशाच्या पाठीसारखी. पुढून इतकी खाली की उभी असली तरी निघाल्यासारखी दिसायची. मी तिच्या सीटवर नुसता हात ठेवला होता आणि त्या दिवशी घरी येऊन पंखा पुसला, नळाचा वायसर बदलला, शेजाऱ्यांच्या दाराची कडी नीट केली. प्रशिक्षक माझ्याच उंचीचा. दोघांची उंची सारखी तर सायकलही तीच, यात मापायचं काय, असं मी म्हणत होतो. तो संध्याकाळपर्यंत थांबणार होता, मग दुसरं गिऱ्हाईक येणार होतं. दुसरी एक सायकल आम्ही बघितली होती ती शाळेत भूगोल शिकवणाऱ्या बाईंची. तिचा रंग पिकलेल्या पपईचा आणि पुढची नळी चांगली उंच. मान ताठ करून पहिल्या बाकावर बसणाऱ्या मुलीसारखी ती व्हरांड्यात उभी होती. मी फाटकातूनच परत फिरलो होतो. बायको मात्र आत जाऊन तिच्याभोवती एक फेरी मारून आली होती.

आणि आता माझ्या उत्तरांवरून मापवालीनं काढलेले दोन आकडे त्या निळ्या सायकलीला तंतोतंत जुळत होते. बायको खोकली नसती तर मी तासाभरात ती सायकल घरी आणली असती.

“काकू, हे नेहमी असंच?” मापवालीनं विचारलं. बायको स्टूल पुढं ओढून बसली. म्हणजे आता ती भाजीची गोष्ट सांगणार. “लग्न झालं तेव्हा,” ती म्हणाली, “मी विचारायची, भाजीत मीठ कमी पडलंय का? हे म्हणायचे, कमी पडलंय. मी घालायची. दुसऱ्या दिवशी, कमी पडलंय का? कमी पडलंय. मी आणखी घालायची. शेवटी माझ्या आईनं येऊन एक घास खाल्ला आणि विचारलं, जावईबापूंचं काही भांडण झालंय का तुझ्याशी.” मापवाली भिंतीला टेकून हसली. मीही हसलो. ती गोष्ट खरी आहे. ती खारट भाजी मी खात होतो आणि मला तेव्हा खरोखर कळत नव्हतं की मी खातोय ती खारट आहे. किंवा कळत होतं, पण ते कळणं माझ्यापर्यंत येण्याआधी तिचा शब्द माझ्या तोंडातून परत गेलेला असायचा.

मी बंदरातल्या मोठ्या क्रेनवर होतो. निवृत्त होईपर्यंत तेच काम. वर एक काचेची खोली, तिची जमीनही काचेची, आणि आपण खुर्चीत पुढं वाकून दोन पायांच्या मधून खाली बघायचं. खाली जहाज, जहाजावर पेट्या, पेट्यांमध्ये मुंग्यांएवढी माणसं. वरून पेटी आणि जमीन यांच्यात किती अंतर उरलंय ते कळत नाही, म्हणून खाली एक इशारेवाला असतो आणि तो रेडिओवर बोलतो. आमच्या इशारेवाल्याला सगळे भोंगा म्हणायचे, कारण त्याला रेडिओची गरज नव्हती. तो म्हणायचा, “डावीकडे थोडं.” मी म्हणायचो, “डावीकडे थोडं.” आणि मग हात हलवायचा. “हळू.” “हळू.” आधी शब्द परत द्यायचा, मग हात. माझ्या उस्तादानं पहिल्या दिवशी हेच शिकवलं. शब्द परत गेला नाही तर खालच्याला कळत नाही की वरच्यानं ऐकलं, आणि ज्याला कळत नाही तो पेटीखाली येतो. उस्ताद म्हणाला होता, “खालचा सांगतो ते खरं. तुला वरून काय वाटतं ते घरी जाऊन सांग.” घरी जाऊनही मी सांगितलं नाही. सांगायचं असतं हे लक्षात यायला त्या खोलीतून उतरायला हवं होतं, आणि मी शिडी उतरून घरी आलो तरी कमरेपासून वरचा भाग तिथंच वाकून बसलेला असायचा. लोक रस्त्यात भेटले की मला त्यांच्या चपला आधी ओळखू यायच्या. भोंग्याला मी वरून त्याच्या पिवळ्या शिरस्त्राणावरच्या पोच्यामुळं ओळखायचो. एकदा तो बाजारात समोर आला, बोडक्या डोक्यानं, आणि मी त्याला नमस्कारही केला नाही. तो महिनाभर रेडिओवर मला “साहेब” म्हणत होता.

मला वाटतं मान तेव्हापासूनच खाली गेली. निवृत्तीनंतर डॉक्टर म्हणाले पोहा, म्हणून पोहायला लागलो. तिथं एक टोळकं भेटलं, पोहायचं, मग सायकल मारायची, मग पळायचं, असलं ट्रायथलॉन नावाचं खूळ करणारं. मला ते आवडलं. पाण्यात खाली बघायचं असतं, त्यात मी पटाईत. मागच्या वर्षी उसन्या सायकलवर स्पर्धेत उतरलो. सायकलवरून उतरलो तेव्हा मान अशी धरलेली की वर होईना. मी पायांखालची पांढरी रेघ धरून पळायला लागलो. रेघ ठळक होती, सरळ होती, मला बरं वाटलं. पण ती स्पर्धेची रेघ नव्हती. ती गाड्या लावायच्या जागेची होती, आणि मी तिच्यामागं एका मोठ्या दुकानाच्या तळघरात पोचलो. पहारेकरी म्हणाला, “कुठं लावलीय गाडी?” मी म्हणालो, “कुठं लावलीय गाडी.” तो भला माणूस होता, माझ्याबरोबर गाडी शोधायला लागला. बाहेर यायला इतका वेळ लागला की शेवटच्या रेषेवरची कमान त्यांनी हवा सोडून घडी करून ठेवली होती, आणि तिच्याशेजारी माझी बायको माझा टॉवेल हातात घेऊन उभी होती. घरी येताना ती म्हणाली, “आणखी एकदा. यंदा मान वर करून त्या रेषेवर आलात तर पुढं बघू. नाही तर हे खूळ बंद.” मी म्हणालो, “बंद.” पण मला ते बंद व्हायला नको होतं. त्या तळघरातसुद्धा, गाडी शोधताना, मी आयुष्यात क्वचित झालो होतो इतका खूश होतो.

“मघापासून त्यांची जीभ डाव्या गालात आहे,” बायको मापवालीला सांगत होती. “तिकडं गेली की समजायचं कुठं तरी दुखतंय. मी तेच बघते. विचारत बसत नाही.” मापवाली माझ्या गालाकडे बघायला लागली. मी जीभ काढून घेतली. तिनं पडदा बंद केला. काडीची आकृती गेली आणि मला जरा वाईट वाटलं. मग ती म्हणाली, “काका, आता मी काही विचारणारच नाही. मी पुढचा भाग हळूहळू वर घेत जाते. तुम्ही पेडल मारा. कुठं थांबायचं ते तुम्ही सांगायचं.” “मी सांगायचं,” मी म्हणालो. “बघा,” बायको म्हणाली.

बंदरात एकच शब्द असा होता की जो कुणीही म्हणू शकत असे आणि तो परत द्यायचा नसे. थांब. झाडूवालाही म्हणू शकायचा, चहा घेऊन आलेला माणूसही. थांब ऐकलं की बोलायचं नाही, फक्त थांबायचं. भोंगा म्हणायचा, दुसरे म्हणायचे, एकदा एका जहाजाच्या स्वयंपाक्यानं हातातली परात हलवून ओरडून म्हटलं होतं. मी कधी म्हटला नव्हता. वरच्यानं म्हणू नये असा काही नियम नव्हता. पण मला वरून काय दिसणार, असं धरूनच मी बसायचो. आता मूठ फिरायला लागली. कोपरांखालच्या गाद्या वर यायला लागल्या, इतक्या हळू की त्या वर येत नसून मीच हलका होतोय असं वाटत होतं. मी अंगात शोधायला लागलो. हे काम मला नवीन होतं. आधी काहीच सापडेना. मग गुडघे सापडले, ते मजेत होते. पाठ सापडली, ती वाकलेली होती पण कुरकुरत नव्हती, तिला वाकायची सवयच. मग मानेच्या खाली, दोन खांद्यांच्या मध्ये, एक गाठ सापडली. ती इतकी जुनी होती की मी तिला माझ्या हाडांतलंच एक समजत होतो. गाद्या आणखी वर आल्या. गाठ जरा सैल झाली. ती सैल होते आहे हे मला कुणी सांगितलं नव्हतं. मला ते माझं मलाच कळत होतं, आणि त्याचं मला इतकं नवल वाटलं की मी जोरात पेडल मारायला लागलो. “हळू,” असं बायको म्हणाली असावी. मी शब्द परत दिला नाही.

मग मान वर आली. मी ती वर केली नाही. तिच्याखाली जागा झाली आणि ती आली, झाकण उघडावं तशी. इतका वेळ माझ्यासमोर फरशी होती, फरशीवर घामाचे थेंब होते. आता समोर खिडकी आली. त्या खोलीला खिडकी आहे हे मला तोवर ठाऊक नव्हतं. खिडकीपलीकडं रस्ता, रस्त्यापलीकडं एक गॅलरी, गॅलरीत एक बाई चादर झटकत होती. चादर फुगली, खाली आली, तिनं ती पुन्हा फुगवली. तिच्या मागून एक म्हातारा आला आणि चादरीचं दुसरं टोक धरायला बघायला लागला, आणि ते त्याच्या हातातून दर वेळी निसटत होतं, आणि ती त्याला काही तरी बोलत होती, तो हसत होता. मी त्या दोघांचे चेहरे बघत होतो. गाद्या आणखी वर सरकल्या आणि बोचायला लागलं, हातांवरचा भार गेला आणि सगळा सीटवर आला.

“थांब,” मी म्हणालो. “जरा खाली घे. तिथं. थांब.”

मूठ थांबली होती. मी त्या जागेवर पेडल मारत राहिलो, आणि मला थांबायचं नव्हतं. चाकं नव्हती, कुठं जायचं नव्हतं, तरी मी चाललो होतो. बऱ्याच वेळानं मापवालीनं आसापासून टेप लावला आणि नवे दोन आकडे सांगितले. पुढचा आकडा जवळपास तोच होता. वरचा चांगलाच वाढला होता. मला आकडेमोड करायची गरज नव्हती. निळी सायकल गेली. तरी मी म्हणून बघितलं, “त्या सायकलीचं हँडल खाली चकत्या घालून उचलता येईल की.” “येतं थोडं,” मापवाली म्हणाली. “पण तुम्हाला लागतं तेवढं उचललं तर ती सायकल राहायची नाही, जिराफ होईल. आणि चालवताना डुलेल.” “डुलेल,” मी म्हणालो, आणि या वेळी ते मी कळून म्हणालो. मला खरंच वाईट वाटत होतं. तिची ती माशासारखी पाठ डोळ्यांसमोरून जात नव्हती. आणि त्याच वेळी मानेत इतकं मोकळं वाटत होतं की ते वाईट वाटणं फार टिकेना. दोन्ही एकाच अंगात, शेजारी शेजारी बसून होती, बसथांब्यावर अनोळखी माणसं बसतात तशी.

ठिपके काढत होतो तेव्हा फोन वाजला. प्रशिक्षक. बायकोनं फोन माझ्याकडे सरकवला आणि हात पदरात गुंडाळून घेतले, म्हणजे ती बोलणार नव्हती. “काका, येताय ना?” तो म्हणाला. शब्द माझ्या जिभेवर आलाच होता. तो सोपा होता, तयार होता, नुसता परत द्यायचा होता. मापवाली ठिपके डबीत भरायची थांबली. मी खिडकीबाहेर बघितलं. गॅलरीतली चादर आता वाळत पडली होती. “नाही,” मी म्हणालो. “सायकल देखणी आहे तुमची. पण मला तिच्यावरून पुढचं दिसणार नाही.” तो म्हणाला, बरं, काही हरकत नाही. बायकोनं माझा शर्ट माझ्या अंगावर फेकला. “चला,” ती म्हणाली, “त्या बाईंची शाळा सुटली असेल.”

भूगोलाच्या बाई फाटकातच होत्या. “परत आलात होय,” त्या मला म्हणाल्या. “त्या दिवशी तुम्हाला सायकल चावेल असं वाटलं होतं बहुतेक.” बायकोनं पर्समधून टेप काढला, शिवणाचा, आणि मापवालीनं दाखवलं होतं तसं आसापासून वर आणि पुढं मापलं. दोनदा मापलं. मग माझ्याकडे न बघता तिनं टेप गुंडाळून ठेवला, आणि तिच्या खांद्यांवरून मला कळलं की जुळलंय. बाईंचा गुडघा आता साथ देत नव्हता, म्हणून त्या सायकल काढत होत्या. त्यांनी तिच्या सीटवर हात फिरवला आणि सीट माझ्या मापावर आणून घट्ट केली. “कोपऱ्यापर्यंत जाऊन या,” त्या म्हणाल्या. “ब्रेक जरा कडक आहेत. माझ्यासारखे.”

मी निघालो. पहिल्यांदा जरा लडबडलो, खऱ्या सायकलीला चाकं असतात हे अंग विसरलं होतं. मग कोपरं गाद्यांवर गेली आणि सगळं जागच्या जागी बसलं. रस्ता थोडा उताराचा होता. समोरून माणसं येत होती, सगळी चेहऱ्यांसकट. एक माणूस जांभई देत येत होता, ती जांभई पूर्ण होईपर्यंत मला दिसली. एक बाई फोनवर भांडत होती आणि भांडताना खूश दिसत होती. दुधाच्या गाडीतला चालक मला बघून भुवया उडवून गेला. एवढे चेहरे रस्त्यावर रोज असतात आणि ते फुकट बघायला मिळतात. कोपरा आला. तिथून परत फिरायचं होतं. मी फिरलो नाही. वळलो, पुन्हा वळलो, एका बागेच्या कडेनं गेलो, बागेच्या भिंतीवर कुणी तरी चपला ठेवून विसरलं होतं, आणि वारा इतका समोरून येत होता की माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि ते मागं कानांत गेलं. मानेची मला आठवणच नव्हती. ती दुखत नाही हे तपासायलाही मी विसरलो.

बागेला वळसा घालून मी त्याच गल्लीत दुसऱ्या टोकानं शिरलो. त्या दोघी फाटकाबाहेर रस्त्यात उभ्या होत्या, माझ्याकडे पाठ करून. मी गेलो होतो त्या कोपऱ्याकडे बघत होत्या. बाई कमरेवर हात ठेवून होत्या. बायकोनं कपाळावर आडवा हात धरला होता आणि ती टाचा उचलून बघत होती. मी तिला असं कधी बघितलं नव्हतं. मी नसताना, माझी वाट बघताना ती कशी दिसते हे मला कुठून दिसणार. तिचं वजन एका पायावर होतं. पदराचं टोक तिच्या मुठीत होतं. मी हँडलवर घंटी शोधली. असल्या सायकलींना घंटी नसते, ती वजनाला जड पडते म्हणे. मग मी तिला हाक मारली. अगं नाही, ऐकलंस का नाही, आमच्या मुलीचं नाव घेऊन तिची आई असंही नाही. तिच्या नावानं हाक मारली. लग्न झाल्यापासून रस्त्यात, माणसांत, मी ते नाव कधी घेतलं नव्हतं. ते माझ्या तोंडात इतकं नवं आणि इतकं ओळखीचं होतं की मी ते दुसऱ्यांदा घेतलं, आणखी मोठ्यांदा, आणि म्हणालो, “हीच. मला हीच पाहिजे.”

ती गर्रकन वळली. बाई वळल्या. वरच्या मजल्यावरच्या दोन खिडक्या उघडल्या. बायकोचा चेहरा कानापर्यंत लाल झाला. तिनं पदर सोडला, पुन्हा धरला, काही तरी बोलायला तोंड उघडलं आणि मग हसू आवरेना म्हणून ते पदरानं झाकलं.

“हळू बोला,” ती पदराआडून म्हणाली. “लोक बघतायत.”

लोक खरंच बघत होते. मी त्यांच्या समोरून, फाटकावरून, तिच्या अगदी जवळून गेलो आणि आणखी एक फेरी मारायला निघालो.